चौऱ्याऐंशी पोचपावत्या

वर्षातले नऊ महिने बाईंना गल्लीत कोणी फारसं विचारत नाही आणि उरलेले तीन महिने कोणी सोडत नाही. त्या तीन महिन्यांना बाई ‘हंगाम’ म्हणतात. कर खात्याकडे रिटर्न भरायचा हंगाम. तो सुरू झाला की घराच्या रस्त्याकडच्या खोलीचं दार सकाळी नऊला उघडतं, बाकावर माणसं येऊन बसतात आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक फुगलेली पिशवी असते. पिशवीत वर्षभराचे कागद. पगाराचे, बँकेचे, विम्याचे, औषधांचे, आणि मधूनच एखादी लग्नपत्रिका किंवा कपडे इस्त्रीला टाकल्याची चिठ्ठी. माणसं कागद वेगळे करत बसत नाहीत, ते काम बाईंचं असतं.

बाई एकसष्ट वर्षांच्या. यातली चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे रिटर्न भरण्यात घालवली. पिशवी हातात आली तरी त्या ती लगेच उघडत नाहीत. आधी चष्मा पुसतात आणि विचारतात, “या वर्षी घरात काय बदललं?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कोणाला मूल झालेलं असतं, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणी वेगळं बिऱ्हाड केलेलं असतं. सख्ख्या भावाला जे कळत नाही ते बाईंना कळतं, आणि त्यांच्या पोटात राहतं. एवढ्या वर्षांत एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली असं झालेलं नाही, आणि या गल्लीत हे किती अवघड आहे ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

बाईंचे यजमान कोर्टात टंकलेखक होते. दहा बोटांनी, कीबोर्डकडे न बघता टाइप करायचे. वकिलाचं वाक्य संपायच्या आत यांचा पूर्णविराम पडलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले, आणि मग काय करायचं ते त्यांना सुचेना. सकाळचं वर्तमानपत्र ते दुपारी पुन्हा वाचायचे. जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवत बसायचे. लोकांना वाटायचं माणूस चिडका झालाय. चिडका वगैरे काही नव्हता, रिकामा होता बिचारा. हंगामात स्वयंपाक त्यांच्याकडे असे, ही पहिल्या हंगामापासूनची वाटणी. बाईंचं ताट झाकून ते खोलीच्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे आणि परत फिरायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. लोकांचे कागद उघडे पडलेले असतात, आपण का बघायचे, असं त्यांचं म्हणणं.

तर या वर्षी कर खात्यानं फर्मान काढलं की कागदावरचे रिटर्न बंद. जे दुसऱ्यांचे रिटर्न भरतात त्यांनी मान्यता असलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि सगळं त्यातूनच पाठवायचं. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी धाकटा भाऊ आला. धाकटाही याच धंद्यातला, पण त्याचं ऑफिस मोठ्या रस्त्यावर. काचेचं दार, पाच माणसं, कोपऱ्यात थंड पाण्याचं यंत्र. शर्ट असा पांढरा की समोरच्याला आपलेच कपडे मळके वाटावेत. बहिणीवर त्याचा जीव होता, यात शंका नाही. बहिणीच्या ग्राहकांवरही होता.

“ताई, आता पुरे कर ना,” तो म्हणाला. “ते सॉफ्टवेअर, ते पासवर्ड, कशाला डोक्याला ताप? तुझी यादी माझ्याकडे दे. लोकांचं काम होईल, तू आराम कर.”

“आराम करून काय करू? यांच्या शेजारी बसून टेबल वाजवू?”

धाकट्यानं आत डोकावून भाऊजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बरं, एक हंगाम बघ. तुझा तू निभावलास तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर यादी माझी. कबूल?”

बाई हट्टाला पेटल्या की मागचापुढचा विचार करत नाहीत. “कबूल,” म्हणून बसल्या.

सॉफ्टवेअरचा दोन दिवसांचा वर्ग होता. प्रत्येकानं आपापला लॅपटॉप आणायचा. वर्गात वीस जण, एकोणीस जणांचं वय बाईंच्या निम्मं. शिकवणारी मुलगी चुणचुणीत होती. तिनं नीट पायरीपायरीनं शिकवलं. आधी माणसाची ओळख पटवा. बँकेचा खाते क्रमांक दर वर्षी नव्यानं विचारा, मागच्या वर्षीचा तसाच ठेवू नका. सॉफ्टवेअरनं हिरवी खूण दाखवली म्हणजे सगळं बरोबर, असं समजू नका, ते फक्त रकाना भरलाय की नाही एवढंच बघतं. पाठवायच्या आधी ग्राहकाची संमती घ्या. त्याच्या फोनवर सहा आकडी कोड येतो, तो दहा मिनिटांत टाकावा लागतो. आणि पोचपावती हातात आल्याशिवाय कोणालाही ‘भरलं’ म्हणून सांगू नका.

बाईंनी सगळं लाल शाईनं वहीत उतरवलं. वर्गात काम ‘सराव’ लावून चाललं होतं, म्हणजे खोटी माणसं, खोटे आकडे, खात्याकडे काहीच जायचं नाही. खोट्या माणसाच्या फोनवर कोड कुठून येणार? म्हणून मुलगी म्हणाली, “कोडच्या जागी एक ते सहा आकडे ओळीनं टाका.” बाईंनी तेही लिहून घेतलं. लाल शाईनंच.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपत आला होता आणि बाईंचा फोन वाजला. बेकरीच्या मालकीणबाई. त्यांना कागद कधी आणू हे विचारायचं होतं, आणि ते विचारण्याआधी सुनेबद्दल थोडं सांगायचं होतं. बाई बाहेर गेल्या. त्या चार मिनिटांत आत मुलगी म्हणाली की घरी गेल्यावर सगळ्यात आधी वरच्या पट्टीतला सराव बंद करा, मगच खरी कामं घ्या. बाई परत आल्या तेव्हा लोक लॅपटॉप मिटत होते. शेजारच्याला त्यांनी विचारलंही, “काही राहिलं का?” तो म्हणाला, “नाही, झालंच.”

घरी आल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते अक्षरं मोठी करायचं. डोळ्यांना त्रास नको. अक्षरं इतकी मोठी झाली की वरची पट्टी पडद्याच्या बाहेर गेली. तिथे नारिंगी रंगात काय लिहिलंय ते बाईंना दिसायचं कारणच उरलं नाही.

मग हंगाम सुरू झाला, आणि काय सांगावं, बाईंना ते सॉफ्टवेअर आवडायला लागलं. बेरजा आपोआप. चुकीचा आकडा टाकला की लाल रेघ. ‘पाठवा’ दाबलं की कोडची चौकट यायची. बाई एक दोन तीन चार पाच सहा टाकायच्या आणि लगेच पोचपावती हजर. ग्राहकाच्या फोनवरच्या कोडचं काय, असा प्रश्न त्यांना एकदा पडला होता. पण वर्गात सांगितलेलं लाल शाईत होतं, तेव्हा ही आपल्यासारख्या जाणत्या लोकांसाठी खास सोय असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पावती छापताना त्या प्रिंटर ‘शाई वाचवा’ वर ठेवायच्या, त्यामुळे छपाई फिकी यायची. एकेक करत चौऱ्याऐंशी रिटर्न झाले. चौऱ्याऐंशी वेळा बाई म्हणाल्या, “भरलं हो तुमचं, निश्चिंत राहा.”

शेवटची तारीख गुरुवार, संध्याकाळी सहा. सोमवारी सकाळी बाईंचं टेबल रिकामं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या आठवड्यात त्यांनी खिडकीच्या जाळ्या पुसायला घेतल्या होत्या. धाकट्याला फोन करून काय बोलायचं याची वाक्यंही जुळवून झाली होती, आणि ती वाक्यं फारशी नम्र नव्हती.

तेवढ्यात घड्याळजी आले. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी रिटर्नची पोचपावती जोडायची होती, ती घेऊन ते बाहेर पडले आणि दारातच थांबले. सवयीनं त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं.

“बाई, इथे आडवं काहीतरी आहे.”

“शाईचा डाग असेल.”

“डाग अक्षरांत नसतो हो.” त्यांनी कागद उजेडात धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. “सराव प्रत. खात्याकडे पाठवलेली नाही.”

बाईंनी दुसरी पावती काढली, भिंग मागून घेतलं. तेच. तिसरी काढली. तेच. मग त्यांनी मोजायचं सोडलं आणि खुर्चीत बसल्या. हातातलं पुसायचं फडकं तसंच राहिलं.

मदतीच्या क्रमांकावर अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक मुलगा बोलला.

“मॅडम, सरावातले रिटर्न खऱ्यात नेता येत नाहीत.”

“माहिती तर सगळी भरलेली आहे ना?”

“आहे, पण ती सरावात आहे. पुन्हा भरावी लागेल.”

“चौऱ्याऐंशी?”

“शुभेच्छा, मॅडम,” तो म्हणाला. बिचाऱ्यानं मनापासून म्हटलं असावं.

बाईंनी हिशेब केला. दोन बोटांनी एका रिटर्नला पाऊण तास. म्हणजे त्रेसष्ट तास. जेवण-झोप सोडून बसल्या तरी गुरुवार गाठणं कठीण. शिवाय प्रत्येकाला फोन करून कोड मागावा लागणार. म्हणजे प्रत्येकाला कळणार. वेळेत गेलं नाही तर दंड त्या लोकांना बसणार होता, बाईंच्या शब्दावर निश्चिंत राहिलेल्या लोकांना. आणि ही खोली, हा बाक, ही यादी धाकट्याकडे जाणार होती.

आता खरं ते सांगायला हवं. बाईंच्या मनात आलं की खात्याची साइट बिघडली म्हणून पुन्हा पाठवावं लागतंय, असं सांगावं. कोणीही विश्वास ठेवला असता. खात्याची साइट वर्षातून दहा वेळा बिघडते, अकरावी कोण मोजतंय? पहिला फोन लावताना ते वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. फोन बेकरीच्या मालकीणबाईंना होता. पलीकडून आवाज आला, “बोला बाई, तुमच्यामुळे यंदा काळजीच नाही बघा,” आणि बाईंना ते वाक्य पुढे बोलता येईना.

“माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “तुमचं रिटर्न गेलेलंच नाही. मी सरावात भरत बसले. पुन्हा भरून देते, नाहीतर दुसरीकडे जायचं असेल तर कागद आत्ता घेऊन जा. मी काही म्हणणार नाही.”

मालकीणबाई बरंच बोलल्या. तासाभरात येऊन पिशवी उचलली आणि सरळ मोठ्या रस्त्याकडे गेल्या. बाईंना वाईट वाटलं, आणि थोडं हलकंही वाटलं. त्यांनी दुसरा फोन लावला.

दुपारी दोनला यजमान ताट घेऊन आले. ते स्टुलावर ठेवायला वाकले आणि थबकले. भिंतीपलीकडून तेच वाक्य ते सकाळपासून ऐकत होते. माझी चूक झाली. तुमचं रिटर्न गेलेलंच नाही. या बाईचा आवाज असा पडलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि लग्नाला चौतीसहून जास्त वर्षं झाली होती. ते ताट घेऊन आत आले.

“किती आहेत?”

“चौऱ्याऐंशी. दोघं गेले, ब्याऐंशी.”

“एकाला किती वेळ?”

“पाऊण तास.”

“एका बोटानं?”

“दोन,” बाई म्हणाल्या. एवढ्या दुःखातही त्यांनी ते सुधारलं.

“जेवून घे. आणि सरक जरा.”

ते खुर्चीत बसले, मनगटं हलवून घेतली आणि आधी पडद्यावरची अक्षरं लहान केली. वरची पट्टी खाली आली. नारिंगी रंगात लिहिलेलं होतं, ‘सराव चालू आहे’. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

“इतके दिवस इथेच होतं हे?” बाईंनी विचारलं.

“असणारच.” त्यांनी सराव बंद केला. बायकोला एका शब्दानं टोचलं नाही. दुसऱ्या कोणी ते आयुष्यभर उगाळलं असतं.

त्या दिवशी बाई फोनवरच होत्या, त्यामुळे चारच रिटर्न गेले. पण पहिली खरी पोचपावती आली तेव्हा यजमानांनी ती छापून बाईंच्या हातात दिली आणि शाई वाचवायचं बंद केलं. पावती काळीभोर आली. बाईंनी ती भिंगाशिवाय तीनदा तपासली.

मंगळवारी सकाळी धाकटा हजर. मालकीणबाईंकडून त्याला सगळं कळलं होतं. त्याचा चेहरा खरोखरच काळजीचा होता.

“ताई, बास आता. पिशव्या माझ्या गाडीत टाक. पाच माणसं बसवतो, उद्यापर्यंत होतील. अब्रू राहील तुझी.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“ते ठरलंच होतं ना आपलं.”

बाईंनी पिशव्यांच्या रांगेकडे पाहिलं. कोणी बाईंच्या हट्टापायी दंड भरावा, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी विचार केला, चांगला मिनिटभर केला. मग यजमानांकडे वळल्या. “होईल?”

“दीड दिवसात अंदाज येईल,” यजमान पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “तू वाचत राहिलीस तर एकाला तेरा मिनिटं.”

“शेवटच्या दिवशी साइट रेंगाळते, सतराच्या वर काही होत नाहीत. उद्या संध्याकाळी त्याहून जास्त उरले तर मी स्वतः पिशव्या तुझ्याकडे आणून टाकीन,” बाईंनी भावाला सांगितलं. “यादीसकट. पण या लोकांना ‘भरलं’ म्हणून मी सांगितलंय. तोवर मला माझा शब्द खरा करू दे.”

“हट्टी आहेस,” धाकटा म्हणाला आणि गेला.

मग त्या खोलीत जे काम चाललं ते बघण्यासारखं होतं. बाई कागद उचलून वाचायच्या, यजमान टाइप करायचे, ग्राहक बाकावर फोन हातात धरून बसायचा आणि कोड आला की शाळेतल्यासारखा मोठ्यानं सांगायचा. शिव्याही पडल्या. एकानं सुट्टी फुकट गेली म्हणून तणतण केली, दोघं पिशवी घेऊन निघून गेले. संगीत शिकवणाऱ्या बाईंनी मात्र सगळ्यांना चहा करून पाजला आणि कपबशा विसळूनही ठेवल्या. यजमान कोर्टात कधी मजकुरात लक्ष घालत नसत, तिथे लक्ष घातलं तर माणूस घरी जाऊन जेवणार नाही. इथे मात्र ते मधेच थांबून विचारू लागले. “अरे वा, मुलगी नोकरीला लागली?” “तुमच्या वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं? आता दिसतं ना नीट?” एकदा तर ते म्हणाले, “अगं, हा विम्याचा कागद दोनदा वाचलास. मघाशीच घेतला आपण.” बाईंनी बघितलं. खरंच दोनदा वाचला होता. त्यानंतर कागद वाचून झाला की त्या त्याच्यावर खूण करू लागल्या.

संध्याकाळी सातला दोघं उठायचे. थकलेला माणूस चुका करतो, आणि एक चूक पुरेशी झाली होती, असं यजमानांचं मत. जेवताना त्यांची बोटं टेबलावर वाजत नव्हती. बाईंच्या ते बुधवारी लक्षात आलं, आणि घास हातात धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“काय झालं?”

“काही नाही. भाजी चांगली झालीय.”

मंगळवारी सव्वीस झाले, बुधवारी अठ्ठावीस. एकूण नऊ जण सोडून गेले होते. गुरुवारी सकाळी उरले बरोबर सतरा.

गुरुवारी खात्याची साइट रेंगाळू लागली. साहजिक होतं, सगळा मुलूख शेवटच्या दिवशीच जागा होतो. दर पानाला भोवरा फिरत राहायचा आणि दोघं श्वास रोखून बघत बसायचे. चार वाजता दोन उरले. त्यातलं एक बसड्रायव्हरचं. सकाळी येतो म्हणालेला माणूस आलाच नव्हता, कोणाच्या तरी जागी त्याला ड्यूटी लागली होती. गाडी चालवताना फोन डेपोतल्या कपाटात ठेवायचा असा त्यांचा नियम. डेपोत तो पावणेपाचला दहा मिनिटांसाठी यायचा, मग थेट सातला.

बाई चपला घालू लागल्या. डेपो पायी अर्ध्या तासावर, आणि बाईंचे गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. त्याच वेळी दारात धाकटा उभा राहिला. त्याच्याकडचं काम आटोपलं होतं, आणि बहिणीचं काय झालं हे बघितल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं.

“किती?” त्यानं विचारलं.

“दोन. एकाचा कोड डेपोत अडकलाय.”

धाकट्यानं एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता नुसता उभा राहिला असता तरी यादी त्याचीच होती. बाईंना हे कळत होतं, त्यालाही कळत होतं. यजमानांची बोटं कीबोर्डवर थांबली.

“गाडी आहे माझी,” धाकटा म्हणाला. “त्याचं नाव-गाव लिहून दे. तिथून फोन करतो, तेव्हाच पाठवा दाबा. आधी दाबू नका, दहा मिनिटांचा कोड असतो.”

“मला सांगतोस?”

“तुलाच सांगतोय, ताई. सगळ्यात जास्त तुलाच.”

पावणेपाच वाजून चार मिनिटांनी फोन आला. धाकटा धापा टाकत होता. मागे बसचं इंजिन, कोणीतरी हॉर्न वाजवतंय. “दाबा!” बाईंनी दाबलं. भोवरा फिरला. “आला कोड! चार, शून्य, नऊ—” आकडे बाईंनी मोठ्यानं म्हटले, यजमानांनी टाकले. भोवरा पुन्हा फिरला, फिरतच राहिला. मग पोचपावती आली, आणि बाई फोनमध्ये इतक्या जोरात “आली!” म्हणून ओरडल्या की ड्रायव्हरलाही ऐकू गेलं असावं.

धाकटा परतला तेव्हा पाच वीस झाले होते. शर्टावर काळ्या ग्रीसचा लांबलचक पट्टा. तो बाकावर ग्राहकासारखा बसला आणि पाणी मागितलं.

“आणि शेवटचं कोणाचं?”

“घरचं,” बाई म्हणाल्या. “यांचं. म्हणून मागे ठेवलं होतं.”

त्यांनी नवऱ्याची पिशवी पुढे ओढली. मग हात थांबवला, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “या वर्षी घरात काय बदललं?”

“अगं, पाच वाजून गेलेत.”

“विचारल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही.”

यजमान हसले. “काही नाही बदललं. वाच.”

बाई वाचू लागल्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, पेन्शन, बँक खातं. खात्याचा क्रमांक त्यांनी पासबुकाशी ताडून पाहिला, घरचा माणूस असला म्हणून काय झालं. मग एक रकाना आला.

“व्यवसाय,” बाईंनी वाचलं. “निवृत्त.”

चार दिवसांत पहिल्यांदा यजमान मागे पडले. त्यांची बोटं हवेत राहिली. पडद्यावरची रेघ उघडझाप करत होती. मग त्यांनी काहीतरी टाइप केलं. बाईंनी वाकून बघितलं. ‘टंकलेखक’.

“अहो, हे नाही चालायचं.”

“का? चार दिवस काय करतोय मी?”

“हे रिटर्न मागच्या वर्षाचं आहे,” बाई म्हणाल्या. “मागच्या वर्षी तुम्ही निवृत्त होतात. माझ्या टेबलावरून मी खोटं जाऊ देणार नाही. पुसा ते.”

यजमानांनी बायकोकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या मेहुण्याकडे. एकेक अक्षर मागे घेत त्यांनी शब्द पुसला आणि ‘निवृत्त’ लिहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो लपवायला त्यांना जमलं नाही.

बाईंनी पुढचा कागद उचलला, पण वाचला नाही. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत त्या असं कधी करत नसत.

“पुढच्या वर्षी बदलू,” त्या म्हणाल्या.

बाकावर धाकट्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द त्यानं नीट ऐकले होते. त्यानं होकारार्थी मान डोलावली.

यजमानांच्या फोनवर कोड आला. तो त्यांनी बाकावरच्या सगळ्या माणसांसारखा, मोठ्यानं वाचून दाखवला.